पावसाळ्यातली मॅच शनिवारी दुपारीच सुरू होते

आमची टीम रविवारी सकाळी सीझन बॉलवर वीस ओव्हरच्या मॅच खेळते. चौदा वर्षं झाली. जून उजाडला की पुण्यातले बरेच क्लब किट माळ्यावर टाकतात ते दसऱ्याला खाली काढतात. आम्हाला ते परवडत नाही. निम्मी पोरं चाकण-भोसरीच्या शिफ्टमध्ये, त्यामुळे सगळ्यांना एकत्र रविवार मिळतो तेव्हा आभाळ कसं आहे हे बघत बसता येत नाही. दर जूनमध्ये नव्या टीमचे दोन-तीन फोन येतात, "दादा, पावसात मॅच लावावी का?" म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो. मी डावखुरा स्पिनर आहे, ओला बॉल म्हणजे काय ते माझ्या बोटांना चांगलं ठाऊक आहे.

आधी पाऊस ओळखायला शिका. पुण्यात दोन पाऊस पडतात आणि दोघांशी वागण्याची रीत वेगळी. जुलै-ऑगस्टचा पाऊस पश्चिमेकडून येतो. ढगांचं मोठं ओझं घाटमाथ्यावरच रिकामं होतं, आपल्या वाट्याला भुरभुर येते. वर्षभरात पुण्यात साधारण सव्वासातशे ते साडेसातशे मिलिमीटर पडतो, ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. या भुरभुरीत विजा क्वचित असतात, दोन सरींमध्ये अर्धा-पाऊण तास उघडीपही मिळते, त्यामुळे मॅच निभावता येते. आम्ही खेळतो ते मैदान वारज्याच्या पुढे आहे, तिथून सिंहगड दिसतो. गडावरचा टीव्हीचा टॉवर ढगात गेला की आमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत सर येते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. कीपरला मी तेवढं एक काम दिलेलं असतं: दर ओव्हरनंतर टॉवर दिसतोय का ते बघायचं.

दुसरा पाऊस मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तीन-चारच्या सुमारास काळे ढग उभे राहतात आणि तासाभरात मैदानाचं तळं होतं. या दिवसांत दुपारचा स्लॉट घेऊच नका, स्वस्त मिळाला तरी. सकाळी साडेसातला टॉस, साडेअकराच्या आत मॅच संपलेली हवी.

आता विजेबद्दल, कारण यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांनी मैदान सोडायचं. शेवटचा गडगडाट झाल्यापासून पूर्ण तीस मिनिटं जाईपर्यंत परत यायचं नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. झाडाखाली, साइटस्क्रीनजवळ, पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबायचं नाही. काचा वर करून गाड्यांमध्ये बसायचं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप केलेलं आहे, आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. दोन्ही कॅप्टनच्या फोनवर ते असलंच पाहिजे. हवामान खात्याचं मुख्य काम 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून आपण अजून त्या चौकाला शिमला ऑफिस म्हणतो. इतकी माहिती ज्या गावात तयार होते त्या गावात पोरं विजेत उभी राहावीत हे मला पटत नाही.

शनिवारी दुपारी चारच्या आत मैदानावरच्या माळीमामांना फोन करा. मालकाला नको, मामांना. मालक "या या, एकदम कोरडं आहे" म्हणणार, त्याला स्लॉट भरायचा असतो. मामांना तीन गोष्टी विचारा: काल रात्री किती पडला, ताडपत्री कधी टाकली, आणि बोलरच्या पायाखालची जागा कशी आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खेळपट्टी झाकलेली असते, पण बोलर पाय आपटतो ती जागा आणि रनअप बऱ्याच मैदानांवर उघडाच राहतो.

त्याच फोनवर, नाहीतर समोरच्या टीमशी बोलताना, पैशांचं ठरवून टाका. टॉसआधी मॅच रद्द झाली तर मैदानाचं भाडं परत की पुढची तारीख? अंपायरचं मानधन अर्धं की पूर्ण? एका मैदानाने आमचं पूर्ण भाडं ठेवून घेतलं, कारण तोंडी बोलणं झालेलं होतं आणि नंतर कुणाला काही आठवेना. तेव्हापासून मी मेसेज टाकतो आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवत नाही.

ताडपत्रीवर जरा वेळ घालवतो, कारण मॅच होणार की नाही हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं. स्टंपपासून स्टंपपर्यंत खेळपट्टी 66 फूट लांब आणि 10 फूट रुंद. म्हणजे ताडपत्री निदान 80 फूट बाय 16 फूट हवी, दोन्ही टोकांना सहा-सात फूट जास्त, म्हणजे बोलरची पाय टाकण्याची जागाही झाकली जाते. रविवार पेठेत जाडी बघून घ्या. पातळ निळी ताडपत्री एका पावसाळ्यात कडांनी फाटते. कडेला विटा ठेवू नका. विटेच्या कोपऱ्याने भोक पडतं आणि एखादी वीट गवतात राहिली तर फिल्डरचा घोटा जातो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ती ठेवा, किंवा जुने टायर. ताडपत्रीच्या दोन्ही लांब बाजूंना, कडेपासून हातभर अंतरावर, चार बोटं खोल चर मारून तो उताराकडे नेलेला हवा. नाहीतर वरून ओघळलेलं पाणी मातीतून परत आत येतं आणि सकाळी खेळपट्टीच्या दोन्ही कडा लोण्यासारख्या मऊ सापडतात.

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण उत्साहाने ताडपत्री ओढायला धावलो होतो. मामा लांबून ओरडले, "ओ दादा, ओढू नका! उचला! पाणी तिच्या पोटात हाय." नीट बघितलं तर मधोमध पाण्याचा मोठा डबरा साचलेला. ओढली असती तर ते सगळं पाणी सरळ गुडलेंथवर, म्हणजे बॉल टप्पा खातो त्या जागेवर, गेलं असतं. त्या दिवशी मामांनी शिकवलं तसंच आम्ही अजून करतो. आधी दोघं जण मगाने आणि स्पंजने पोटातलं पाणी बादलीत काढतात. जुन्या गादीतला स्पंज यासाठी सगळ्यात चांगला, भाकरीएवढे तुकडे करून ठेवायचे. पाणी निघाल्यावर चढाकडच्या बाजूला सहा जण उभे राहतात, कड दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलतात आणि सगळे एकाच चालीने उताराकडे चालत जातात. ताडपत्री स्वतःवर दुमडत जाते, उरलेलं पाणी तिच्या घडीत राहतं, खेळपट्टीवर थेंब पडत नाही. एखादा पुढे पळाला की चाल बिघडते, म्हणून मामा "एक, दोन" मोजत राहतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पाऊस थांबून ऊन आलं आणि ताडपत्री तशीच ठेवली तर खाली खेळपट्टीला घाम येतो. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला बोट लावून बघा, थेंब लागतात. म्हणून उघडीप दिसली की लगेच काढायची, मग परत टाकावी लागली तरी चालेल. आणि ओल्या मातीवर रोलर फिरवण्याचा मोह टाळा. माती रोलरला चिकटून पापुद्रे निघतात आणि पूर्ण आठवडा खेळपट्टी खराब होते. काळ्या मातीच्या बाबतीत हे जास्तच.

माळीमामांना चहा-नाश्ता आपल्याबरोबर द्या, त्यांचं ऐका आणि मॅचनंतर त्यांच्या हातात काहीतरी ठेवा. पळवणकर बाळू पुण्यात खेळपट्टीची देखभाल करायचे, नेटमध्ये साहेबांना बोलिंग टाकायचे. तोच माणूस 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. डावखुरा स्पिनर होता. मातीला हात लावणाऱ्या माणसाला क्रिकेट किती कळतं हे पुण्याने तरी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मॅटवर खेळत असाल तर खर्च कमी, कटकट वेगळी. काथ्याची मॅट भिजली की जड होते आणि सैल पडते. भिजल्यावर ती पुन्हा ताणून खिळे ठोकल्याशिवाय एकही बॉल टाकू देऊ नका. सुरकुतीवर पडलेला बॉल कुठे जाईल ते सांगता येत नाही. ओल्या मॅटवर बॉल घसरून खाली राहतो. मेटल स्पाइक्स घालून मॅटवर चढू नये, रबरी स्टडचे शूज घाला.

सकाळी मैदानावर पोचल्यावर बॅगा ठेवायच्या आधी मी क्रीजपाशी जातो आणि बोलर जिथे पुढचा पाय आपटतो तिथे टाच रोवून पूर्ण वजन टाकतो. टाच उचलल्यावर तीन गोष्टी दिसू शकतात. नुसता ठसा उमटला तर उत्तम. ठशाच्या कडा चकाकल्या तर भुसा टाकून चालेल. ठशात पाणी वर आलं तर तिथून बोलिंग नाही, मग समोरची टीम काहीही म्हणो.

हे मी इतकं ठाम का सांगतोय ते लिहितो. चार वर्षांपूर्वी जुलैमधली मॅच, शेवटच्या तीन ओव्हर, समोरच्यांना 19 धावा हव्या होत्या. भुरभुर सुरू झालेली. अंपायरनी दोन्ही कॅप्टनना विचारलं. आम्ही जिंकत होतो आणि मॅच पूर्ण व्हावी म्हणून मीच म्हणालो, "खेळू, तीनच ओव्हर आहेत." आमचा फास्ट बोलर एकोणीस वर्षांचा. तिसऱ्या बॉलला त्याचा पुढचा पाय टेकला आणि फूटभर पुढे सरकला, गुडघा मात्र तिथेच राहिला. तो आवाज मला मिडऑफला ऐकू आला. लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं, आठ महिने तो धावला नाही. दवाखान्यातून त्याच्या आईला मी फोन केला. "दादा, तुम्ही होता ना तिथं?" एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून हा निर्णय मी कॅप्टनकडे ठेवत नाही, स्वतःकडे तर नाहीच. क्रिकेटच्या नियमांतही तो अंपायरचाच आहे. नियम नीट वाचा: गवत आणि बॉल ओला आहे एवढ्यावरून खेळ थांबवायचा नसतो, पण बोलरला पाय रोवता येत नसेल, फिल्डरला मोकळं हलता येत नसेल, बॅट्समनला फटका मारता किंवा धावता येत नसेल, तर परिस्थिती धोकादायक मानायची. टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनसमोर मी अंपायरना सांगतो, "आम्हाला विचारू नका. तुम्ही ठरवा, आम्ही वाद घालणार नाही." समोरचा कॅप्टनही "हो" म्हणतो. मॅच अटीतटीची झाल्यावर ते म्हणवून घेणं अवघड असतं.

भुसा आदल्या दिवशीच आणून ठेवा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून दोन पोती आणा आणि ती कोरडी ठेवा. ओला भुसा म्हणजे नुसता चिखल. नियमाप्रमाणे पाय रोवण्यासाठी भुसा वापरायला परवानगी आहे. टाकण्याआधी खड्ड्यातला चिखल खुरप्याने काढायचा, मग भुसा, मग पायाने दाबायचा. चिखलावरच भुसा टाकला तर वरून कोरडं दिसतं आणि खालून सरकतं, ते जास्त वाईट. दर दोन ओव्हरनंतर हे परत करावं लागतं, बारावा खेळाडू त्यासाठीच तयार ठेवा.

टॉस जिंकलात तर? आमच्या पोरांचा नेहमीचा कौल आधी बोलिंगचा, आणि बरेचदा तो बरोबर असतो, कारण पुढे किती ओव्हर मिळणार हे कळल्यावर पाठलाग सोपा जातो. पण एक प्रसंग वेगळा: रात्रभर भिजलेली खेळपट्टी आणि सकाळी कडक ऊन. पूर्ण ओल्या मातीवर बॉल नुसता थांबून येतो. ती वाळायला लागली की वरचा पापुद्रा घट्ट आणि खाली मऊ, मग एक बॉल बसतो आणि दुसरा गुडलेंथवरून हनुवटीपर्यंत उठतो. अशा दिवशी आधी बॅटिंग घ्या आणि पहिल्या दहा ओव्हरमध्ये जमेल तेवढं करा.

ओव्हर कमी करण्याचा हिशोब टॉसआधी कागदावर हवा. आमच्याकडे एका ओव्हरला चार मिनिटं धरतात. पहिल्या डावात आठ मिनिटं वाया गेली की दोन्ही टीमची एक-एक ओव्हर कमी. दोघांना निदान पाच ओव्हर मिळाल्या नाहीत तर निकाल नाही. नुसत्या सरासरीने टार्गेट काढू नका. समजा पहिल्या टीमने 20 ओव्हरमध्ये 140 केल्या आणि पावसामुळे दुसरीला 10 च मिळाल्या. सरासरीने 71 चं टार्गेट येतं. पण दहाच्या दहा विकेट हातात असताना 10 ओव्हरमध्ये कुणीही जास्त जोरात मारतो. डकवर्थ-लुईस, म्हणजे पावसाने ओव्हर कमी झाल्या की टार्गेट काढायची पद्धत; तिच्या जुन्या छापील तक्त्यात पूर्ण 50 ओव्हरची धावा करायची ताकद 100 धरली तर, सगळ्या विकेट शिल्लक असताना 20 ओव्हरना 56.6 आणि 10 ओव्हरना 32.1 असे आकडे आहेत. 32.1 भागिले 56.6, गुणिले 140, म्हणजे 79.4. टार्गेट 80. नऊ धावांचा फरक पडला, आणि नऊ धावांवरून मी टीमची मैत्री तुटलेली पाहिली आहे. 1992 च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला 13 बॉलमध्ये 22 हव्या होत्या आणि बारा मिनिटांच्या पावसानंतर ते परत आले तेव्हा 1 बॉलमध्ये 21. हिशोबाची पद्धत चुकीची असली की असं होतं. तक्त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून स्कोअररच्या फाइलमध्ये ठेवा. स्कोअररला शिसपेन्सिल द्या, पेनाची शाई पसरते.

बॉलचं बोलू. दुकानातून दोन नवे बॉल घेतलेत एवढ्यावर भागत नाही. पाच, दहा, पंधरा ओव्हर जुने असे तीन-चार बॉल डब्यात ठेवा. बॉल पाणी पिऊन फुगला, शिवण सैल झाली, तर अंपायर तितकाच झिजलेला दुसरा देतात. बॉल फडक्याने पुसायला परवानगी आहे, पण ते फडकं अंपायरना आधी दाखवा. चिखल काढायचा असेल तर त्यांच्या समोर काढा. थुंकी लावायला तर 2022 पासून कायमची बंदी आहे. आम्ही सुती पंचाचे चार-चार तुकडे करतो, टर्किश टॉवेलपेक्षा पंचा पाणी लवकर ओढतो. प्रत्येक फिल्डरच्या कमरेला एक. बॉल बोलरकडे येईपर्यंत तीन हातांतून जातो, तिघांनी पुसायचा.

ओल्या बॉलवर मी स्वतः फ्लाइट देणं सोडतो. बोटांतून तो अर्धा क्षण लवकर सुटतो आणि फुलटॉस पडतो. आडवी शिवण न धरता बॉल तळव्याकडे थोडा आत घेतो, जरा जोरात आणि सरळ स्टंपात टाकतो. वळण मिळत नाही, पण घसरून येणाऱ्या बॉलवर एलबीडब्ल्यू मिळतात. बॅट्समनने जुनी बॅट काढावी. बॅटचा खालचा टोकाकडचा भाग पाणी शोषून फुगतो आणि नंतर चिरतो. यॉर्कर थोपवताना तोच भाग ओल्या मातीला लागतो. फिल्डिंगला ओलं गवत बॉलचा वेग आधी वाढवतं आणि साचलेल्या पाण्यात तो एकदम मरतो, म्हणून पुढे पळत या आणि लांब पाय टाकून घसरू नका. जुलैचा वारा स्टंपवरच्या बेल्स उडवत राहिला तर दोन्ही अंपायर मिळून बेल्सशिवाय खेळायचं ठरवू शकतात, हेही नियमात आहे.

मॅच संपली की सगळ्यांना वडापावची घाई असते. ताडपत्री ओली घडी करून ठेवली तर आठवड्यात कुबट वास आणि बुरशी, म्हणून निदान दोरीवर टाकून जा. पॅड आणि ग्लोव्हज घरी पंख्याखाली, उन्हात किंवा गॅसजवळ नाही, चामडं कडक होतं. बॅट पुसून आडवी ठेवा. शूजमधला चिखल आधी वाळू द्या, मग काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. रात्री झोपताना ते बोळे भिजलेले असतात, ते काढून कोरडे घाला. सकाळी सहाची शिफ्ट असेल तर हे काम बायकोवर किंवा आईवर टाकू नका, रात्रीच उरकून झोपा.